कॅननची १०-१८: सगळं मावतं म्हणून घेऊ नका, जवळ जाता येतं म्हणून घ्या

कॅननची ईएफ-एस १०-१८ एमएम एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम ही लेन्स २०१४ ला आली, म्हणजे नवी अजिबात नाहीये, पण कॅननचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर असेल आणि अल्ट्रा वाईड, म्हणजे खूप रुंद दाखवणारी लेन्स वापरून बघायची खाज असेल तर मी अजूनही हीच सुचवेन. क्रॉपवर १.६ ने गुणलं की फुल फ्रेमच्या हिशोबात साधारण १६-२९ चा व्ह्यू मिळतो. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स १८ वर ७४ अंश दाखवते, ही १० वर १०७ च्या आसपास. कॅमेरा जरा खाली झुकवला की आपलेच बूट फ्रेममध्ये, इतकी वाईड.

वजन २४० ग्रॅम. माउंटसुद्धा (कॅमेऱ्याला अडकतो तो भाग) प्लास्टिकचा आहे, त्यावर बरेच जण नाक मुरडतात, पण दिवसभर गळ्यात कॅमेरा अडकवून डोंगर चढायचा असेल तेव्हा तेच प्लास्टिक गोड वाटतं. कॅननचीच जुनी १०-२२ होती ती ३८५ ग्रॅम, जरा ब्राईट म्हणजे जास्त प्रकाश घेणारी, पण तिला हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर नाही. हिला आहे, कंपनी ४ स्टॉप म्हणते (म्हणजे शटर सोळापट जास्त वेळ उघडं ठेवता येतं), तेवढं सोडा, पाव सेकंदाला हातात धरून ओढ्याचं पाणी दुधासारखं येतं आणि दगड शार्प राहतात, ट्रायपॉड घरी ठेवून जायला एवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट. लोक वाईड घेतात ती समोरचा अख्खा डोंगर मावावा म्हणून आणि मग १० वर फोटो काढला की डोंगराची टेकडी होते, अर्धं आकाश, अर्धी रिकामी जमीन, मधे कुठेतरी विषय. ही लेन्स लांबचं लहान करते आणि जवळचं मोठं, त्यामुळे पुढे काहीतरी लागतंच, रानफूल, पायरी, चिखलातली चाकोरी, काहीही, आणि त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन बसावं लागतं. किमान फोकस २२ सेंटिमीटर आहे आणि तेही सेन्सरपासून मोजलेलं, म्हणजे फूल काचेपासून जेमतेम दहा सेंटिमीटरवर. १० वर अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ठेवून साधारण ७० सेंटिमीटरवर फोकस केला की ३५ सेंटिमीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प, एफ/२२ ला जायची गरज नाही, उलट तिथे डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ होतं. फक्त लेन्सवर अंतराचे आकडेच नाहीत, त्यामुळे तेवढ्या अंतरावरच्या कशावर तरी ऑटोफोकस करून स्विच एमएफला (मॅन्युअल फोकसला) टाकायचा. आणि फोकस रिंग मोटरवर चालते, कॅमेरा झोपलेला असताना कितीही फिरवा, काही होत नाही.

माणसांसाठी जपून. सरळ रेषा सरळ ठेवायच्या नादात कडेचं सगळं बाहेर ताणलं जातं, ग्रुप फोटोत टोकाला उभा असलेला माणूस फुकटात दहा किलोने वाढतो (धिप्पाड मामांना मधे घ्या, नाहीतर फोटो पाठवू नका). मी माणसं असतील तर १५ च्या खाली जातच नाही. इमारतीला कॅमेरा वर केला की भिंती आत झुकतात, ते टाळायचं तर कॅमेरा समपातळीत धरून खालचा भाग नंतर कापायचा, हे कुठल्याही वाईडला लागू आहे.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) ६७ एमएमचा बसतो, पण १० वर निळं आकाश एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकट असं पट्ट्यात येतं कारण एवढ्या रुंद फ्रेममध्ये सूर्याशी होणारा कोनच बदलत जातो. झाडं, ओले दगड यांना लावा, मोकळ्या आकाशाला नको. पॉपअप फ्लॅशही विसरा, त्याचा प्रकाश १० च्या कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही.

आकाशगंगा काढायचीय का, मग ही नाही. एफ/२.८ च्या लेन्समधून हिच्या साधारण अडीचपट प्रकाश येतो आणि तारे सरकत असताना स्टॅबिलायझर काय कामाचा, तिकडे टोकिनाची ११-१६ बघा.

फुल फ्रेम डीएसएलआरला ही बसतच नाही. कॅननच्या मिररलेस आर सिरीजच्या बॉडीवर अॅडॅप्टरने चालते, पण फुल फ्रेम आर असेल तर फोटो क्रॉप होऊन निम्म्याहून कमी मेगापिक्सेल उरतात, आणि क्रॉपवाली आर बॉडी असेल तर आरएफ-एस (त्या बॉडींसाठीच्या लेन्स) मध्येच २०२३ पासून १०-१८ मिळते, फक्त १५० ग्रॅमची, अॅडॅप्टरच्या भानगडीत पडूच नका.