कारपूल लेनची राखण: पोलीस, कॅमेरा की टोल?

कॅलिफोर्नियातल्या महामार्गांवर कारपूल लेनच्या, म्हणजे दोन-तीन किंवा जास्त माणसे असलेल्या गाड्यांसाठी राखलेल्या लेनच्या, कडेला पाटी असते: नियम मोडल्यास किमान दंड 490 डॉलर. ती वाचून चालकाच्या पोटात गोळा येतो आणि अंदाजपत्रक मांडणाऱ्याचे डोळे चमकतात. दिवसाला शंभर एकटे चालक पकडले की 49,000 डॉलर, म्हणजे कामाच्या 250 दिवसांत सव्वा कोटीच्या आसपास. असा कागद कुणी तुमच्यापुढे ठेवला असेल आणि लेनचा बंदोबस्त कसा करायचा हे त्यावरून ठरणार असेल, तर आधी त्या 490 डॉलरची फोड मागा.

मूळ दंड फक्त 100 डॉलर आहे. त्यावर राज्याचा अधिभार 100, काउंटीचा (जिल्ह्याचा) 70, न्यायालयांच्या इमारतींसाठी 50, डीएनए नोंदींसाठी 50, तातडीच्या वैद्यकीय सेवेसाठी 20, आणखी एक अधिभार 20, न्यायालयाच्या कामकाजाचे 40, दोष सिद्ध झाल्याचे 35, आणि उरलेली चिल्लर. मूळ शंभरातला काही वाटा सोडला तर या यादीत लेन राखणाऱ्याचे नाव कुठेच नाही. व्हर्जिनियात तर राज्याच्या कायद्याखालचे दंड राज्यघटनेनेच शाळांसाठीच्या ‘लिटररी फंड’कडे वळवले आहेत. तिथे उत्तर भागात पहिल्या चुकीला 125 डॉलर, मग 250, मग 500, आणि पाच वर्षांत चौथ्यांदा सापडलात तर 1,000. दरवाढ जबरदस्त आहे, पण तिचा पैसा गस्तीच्या गाडीत इंधन घालायला येत नाही.

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. खर्च एका खात्याचा, वसुली दुसऱ्याच्या खात्यात, आणि फायदा होतो तो वेळेवर पोचलेल्या प्रवाशाला, ज्याची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही. पुढचे सगळे पर्याय याच चष्म्यातून बघतो आहे.

गस्तीवरचा पोलीस

सगळ्यात जुना मार्ग. गाडी जवळून जाताना आत माणसे मोजायची, कमी दिसली की मागे जाऊन थांबवायची. ऐकायला सोपे, पण मधल्या लेनमधली गाडी चार-पाच लेन ओलांडून कडेला आणायची तर ते धोक्याचे काम. म्हणून दुभाजकाजवळ थांबायला वेगळी जागा बांधावी लागते. नव्या रस्त्यावर ती आराखड्यातच धरता येते. जुन्या अरुंद रस्त्यावर ती जागा करणे हाच मोठा खर्च असतो, आणि तो ‘अंमलबजावणी’च्या रकान्यात न दिसता ‘बांधकामा’त लपून जातो.

एका गाडीमागे दहा ते पंधरा मिनिटे धरली तर एक पोलीस तासाला चार-पाच पावत्या फाडेल. पकडलेली गाडी बघायला बाकीचे चालक वेग कमी करतात, ज्या लेनचा वेग राखायचा तीच त्या वेळापुरती मंदावते. काही जण न्यायालयात जातात, मग त्या पोलिसाचा तिथला वेळही मोजा. मागच्या सीटवर झोपलेले मूल, काळ्या काचा, पहाटेचा अंधार यांमुळे अनेकदा थांबवल्यावर कळते की गाडीत माणसे पुरेशी होती. पुतळ्याला टोपी घालून शेजारी बसवणारेही आहेतच. वॉशिंग्टन राज्यात नेहमीच्या 186 डॉलरवर अशा पुतळ्याबद्दल आणखी 200 डॉलर आकारतात. पुतळ्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली, यावरून चालकांची कल्पनाशक्ती किती धावते ते कळते.

शिवाय तो पोलीस त्या तासाला दुसरे काही करत नसतो. अपघात, दारू पिऊन गाडी चालवणारे, बंद पडलेला ट्रक, हे सगळे त्याच्याच वाट्याचे काम. त्यामुळे बहुतेक ठिकाणी लेनसाठी वेगळे जादा तास विकत घ्यावे लागतात, आणि ते साध्या पगाराच्या दराने मिळत नाहीत.

मग हा तोट्याचा सौदा आहे का? पावत्यांनी मोजला तर बहुधा हो. रस्त्याच्या हिशोबाने नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लेनमधून तासाला 1,700 गाड्या जात आहेत, त्यांतल्या 15 टक्के घुसखोर, म्हणजे 255. अशी लेन साधारण 1,650च्या वर गेली की अडखळू लागते. पोलीस दिसू लागल्याने निम्मे घुसखोर बाहेर पडले तर उरतात 1,570च्या आसपास गाड्या आणि लेन पुन्हा वाहती होते. गाडीत सरासरी दोन माणसे आणि प्रत्येकाची पाच मिनिटे वाचली असे धरले तर एका तासात 260 माणूस-तास वाचतात. तासाला 15 डॉलर एवढेच मोल लावले तरी 3,900 डॉलर होतात. बसमधले प्रवासी मी यात धरलेलेही नाहीत. पोलिसाचा खर्च यापुढे किरकोळ ठरतो. पण लेनमध्ये मुळात 1,100च गाड्या असतील, तर तेच 15 टक्के घुसखोर कुणाचा वेळ खात नाहीत. तिथे गस्त वाढवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नियम पाळणाऱ्याचा विश्वास टिकावा म्हणून थोडी गस्त हवी, हा मुद्दा मान्य; पण ‘थोडी’.

पत्र पाठवणे

वॉशिंग्टन राज्यात 1984 पासून ‘हीरो’ नावाची सोय आहे. घुसखोराची तक्रार इतर चालक करतात आणि गाडीमालकाला दंड न होता माहितीपत्रक जाते. खर्च टपालाचा, उत्पन्न शून्य. गस्तीला पूरक म्हणून छान, एकटे पुरेसे नाही.

कॅमेरा

विक्रेत्यांचे सादरीकरण इथे सर्वांत आकर्षक असते. रस्त्यावर कमान, इन्फ्रारेड कॅमेरे, आत किती माणसे ते संगणक मोजणार, घरी दंडाचे पत्र. फ्रान्सने यासाठी 2019च्या वाहतूक कायद्यात वाट करून दिली. ल्यों शहरात डिसेंबर 2020 मध्ये अशा लेन सुरू झाल्या आणि पॅरिसच्या रिंगरोडवर ऑलिंपिकसाठी राखलेली लेन मार्च 2025 मध्ये कारपूलची झाली. मे महिन्यापासून तिथे 135 युरोंचा दंड लागू झाला.

खर्चाची रचना पोलिसापेक्षा उलटी आहे. सुरुवातीला एकदम मोठी रक्कम, मग दर गाडीमागे नगण्य. उपकरणे काही वर्षांत जुनी होतात, त्यामुळे ती ‘सुरुवातीची’ रक्कम पुन्हा पुन्हा येत राहते, हे निविदेत ठळक लिहिलेले नसते.

खरी मेख अचूकतेत आहे. पुन्हा काल्पनिक आकडे घ्या. दिवसाला 10,000 गाड्या, त्यांतल्या 1,000 घुसखोर. यंत्र घुसखोरांपैकी 90 टक्के ओळखते आणि नियमाने जाणाऱ्यांपैकी फक्त 2 टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. दोन्ही आकडे कागदावर चांगले दिसतात. पण 9,000 चे 2 टक्के म्हणजे 180 निर्दोष गाड्या. यंत्राने काढलेल्या 1,080 नावांपैकी दर सहावा माणूस बिनचूक होता! त्याला सरळ पत्र पाठवले तर तुमचे तक्रार-निवारण केंद्र आठवडाभरात कोलमडेल. म्हणून प्रत्येक चित्र माणसाने तपासावे लागते, आणि ‘स्वयंचलित’ म्हणून घेतलेल्या व्यवस्थेत पगारावरची माणसे परत येतात. आणि गंमत अशी की लेन जितकी शिस्तीची होत जाईल, तितके खरे घुसखोर घटतात आणि चुकीच्या बोटांचे प्रमाण वाढते.

कायद्याचा प्रश्न वेगळाच. पोलिसाने थांबवलेल्या गाडीत चालक कोण ते समोर दिसते. कॅमेऱ्याला नंबरपाटी दिसते, म्हणजे मालक. मालकावर दिवाणी स्वरूपाचा दंड लावायची मुभा तुमच्या कायद्यात नसेल तर आधी कायदा, मग कमान. हा क्रम उलटा केला तर कमान नुसती उभी राहील. मुभा मिळवताना मात्र एक गोष्ट पदरात पाडून घेता येते: नव्या दिवाणी दंडातून आधी यंत्रणेचा खर्च भागवावा, असे कलम. जुन्या फौजदारी दंडात घुसलेले सगळे वाटेकरी इथे अजून आलेले नसतात.

टोल लेन

हा मार्ग खेळच बदलतो. एकट्याला लेनमध्ये येऊ द्या, पण पैसे घेऊन. कारपूलला फुकट किंवा सवलतीत. कॅलिफोर्नियात एसआर-91 महामार्गावर डिसेंबर 1995 मध्ये टोल लेन सुरू झाल्या, आणि सॅन डिएगोच्या आय-15 महामार्गावर 1996 मध्ये, आधीपासूनच्या कारपूल लेनमध्येच, एकट्यांना शुल्क भरून प्रवेश मिळाला. अनेक ठिकाणी गाडीत लावलेल्या टोलच्या टॅगवर माणसांची संख्या सांगायची कळ असते: एक, दोन, तीन किंवा जास्त. चालकाने खरे ते लावायचे.

अर्थात खोटी कळ लावणारे आलेच. पण इथे एक फरक पडतो. साध्या कारपूल लेनमध्ये घुसखोर दुसऱ्यांचा वेळ खातो, आणि वेळेची नोंद कुठेच नसते. टोल लेनमध्ये तोच माणूस टोल बुडवतो, आणि बुडालेला टोल ताळेबंदात दिसतो. म्हणून टोल चालवणारी संस्था राखणीवर आपणहून खर्च करते. पहिल्या भागात सांगितलेली फाटाफूट, खर्च इथे आणि वसुली तिथे, बऱ्याच अंशी मिटते. पोलिसाचे कामही हलके होते: टॅगने जाहीर केलेली संख्या त्याला दिसण्याची सोय असेल तर फक्त ‘तीन’ म्हणणाऱ्यांकडेच बघायचे.

किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एसआर-91 वरच्या टोल लेन खाजगी कंपनीने बांधल्या होत्या आणि शेजारच्या मोफत लेन वाढवायच्या नाहीत असे करारात होते. कोंडी असह्य झाल्यावर ऑरेंज काउंटीच्या परिवहन प्राधिकरणाने 2003 मध्ये 20.75 कोटी डॉलर मोजून त्या विकत घेतल्या. व्हर्जिनियात खाजगी कंपनीच्या ‘495 एक्सप्रेस लेन’ या टोल लेनच्या करारात तर कारपूलच्या गाड्या 24 टक्क्यांच्या वर गेल्या तर राज्याने कंपनीला भरपाई द्यायची अशी तरतूद झाली. लोकांनी गाड्या वाटून घ्याव्यात म्हणून काढलेली लेन, आणि त्यांनी तसे जास्त केले तर सरकारला भुर्दंड! करारातले हे एक वाक्य दंडाच्या दहा वर्षांच्या वसुलीपेक्षा महाग पडू शकते.

याउलट व्हर्जिनियातल्याच आय-66 महामार्गाचा, वॉशिंग्टन शहराभोवतीच्या रिंगरोडच्या (बेल्टवेच्या) आतला भाग. तिथे डिसेंबर 2017 पासून गर्दीच्या वेळी एकट्यांना टोल लागला, पहिल्याच दिवसांत तो 40 डॉलरच्या वर गेला आणि बोंबाबोंब झाली. पण हा टोल राज्य स्वतः चालवते, आणि त्यातला पैसा बस-रेल्वेच्या प्रकल्पांकडे जातो. टोल घ्यायचाच असेल तर मी या नमुन्याच्या बाजूने आहे.

| | खर्च कसा येतो | पैसा कुणाकडे | शिस्त वाढली की |
|---|---|---|---|
| गस्त | दर तासाला, शिवाय थांबायची जागा | न्यायालये, राज्य, काउंटी | दंड घटतो, तास कमी करता येतात |
| कॅमेरा | एकरकमी, पुन्हा काही वर्षांनी. तपासनीस कायम | कायदा म्हणेल त्याच्याकडे | दंड घटतो, खर्च तसाच |
| टोल | मोठा, सततचा | चालवणाऱ्याकडे | टोलची वसुली वाढते |

शेवटचा स्तंभ नीट वाचा. कॅमेऱ्याचे कर्ज दंडातून फेडायचे ठरवले, तर ते फेडायला लोकांनी नियम मोडत राहावे लागते.

लेनच काढून टाकली तर?

हाही पर्याय आहे. न्यू जर्सीने 1998 मध्ये आय-80 आणि आय-287 वरच्या कारपूल लेन बंद केल्या. मात्र त्या केंद्राच्या पैशातून झाल्या होत्या, आणि सुमारे 24 कोटी डॉलर परत करण्यातून अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) सूट दिली म्हणून राज्य सुटले. ती सूट आपल्यालाही मिळेल असे धरून चालू नका. जकार्ताचे उदाहरण इशारा म्हणून पाहावे. तिथला ‘थ्री-इन-वन’ नियम, म्हणजे गाडीत किमान तीन माणसे हवीत ही अट, पैसे घेऊन गाडीत बसणाऱ्या ‘जॉकीं’मुळे चेष्टेचा विषय झाला होता, म्हणून 2016 मध्ये रद्द केला. त्यानंतरच्या अभ्यासात त्या रस्त्यांवर सकाळचा विलंब 46 टक्के आणि संध्याकाळचा 87 टक्के वाढलेला आढळला. चेष्टा झालेला नियमही काम करत होता.

नियम सैल करण्याचा मोह झाला तर लॉस एंजेलिसजवळचा एल मॉन्टे आठवा. जानेवारी 2000 मध्ये तिथे तीनऐवजी दोन माणसे चालतील असे केले, बस आणि जुने कारपूल दोन्ही रखडले, आणि जुलैत गर्दीच्या वेळेसाठी तीनचा नियम परत आला.

अमेरिकेत निर्णय घेणार असाल तर आणखी एक बंधन आहे. कमी माणसांच्या गाड्यांना सूट देणाऱ्या किंवा टोल घेऊन आत सोडणाऱ्या लेनने गर्दीच्या वेळी 180 दिवसांतल्या 90 टक्के वेळेत ताशी किमान 45 मैल वेग राखावा, असा केंद्राचा नियम आहे. वेग घसरत असेल तर राखणीचा खर्च ऐच्छिक राहत नाही.

माझी निवड विचाराल तर: तासाला 1,500 गाड्यांच्या खालच्या लेनवर अधूनमधून गस्त आणि पत्रे, बाकी काही नको. लेन भरत आली असेल आणि घुसखोर दहापैकी एकाहून जास्त असतील, तर ठरावीक जादा तासांची गस्त. पैसा वाहतूक खात्याचा, दंडातून परताव्याची अपेक्षा शून्य धरून. लेन घुसखोर काढूनही ओसंडत असेल तर आधी माणसांची अट वाढवा, मग सरकारी टोलचा विचार करा. कॅमेरा या सगळ्यात तपासनिसाचा मदतनीस म्हणून चालेल. आणि यातले काहीही ठरवण्याआधी दोन आठवडे गर्दीच्या वेळी माणसे उभी करून घुसखोर मोजून घ्या, अंधारातसुद्धा; ती मोजणी विक्रेत्याकडून करून घेऊ नका.