रेशनचं धान्य की खात्यात रोख?

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आज दोन्ही येतं: २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचं रेशन आणि जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये.

रेशन माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर घराला ३५. जानेवारी २०२३ पासून फुकट. बाजारात गहू कितीही चढला तरी पिशवीतलं वजन तेवढंच, ही त्याची खरी ताकद. शिवाय गुत्त्यावर तांदूळ चालत नाही (तोही विकणारे विकतात, ते सोडा). वैताग मशीनचा. अंगठा उमटला नाही की परत फेरी, आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्याच असतात.

रोख बाईच्या स्वतःच्या खात्यात येते. पोराची वही, गॅस की सासूच्या गोळ्या, आधी काय ते तीच ठरवते. ही मोकळीक रेशनमध्ये नाही. पण तेलाचा डबा महागला म्हणून १,५०० चे १,६०० होत नाहीत.

रेशनऐवजी रोखच द्या, हे मात्र मला पटत नाही. पाच माणसांचं २५ किलो धान्य दुकानातून आणायचं तर त्या पंधराशेतले निम्मे तिथेच उडतील.