आयझॅक वॉल्टनचं घर, शॅलोफर्ड: मृत्युपत्रासाठी जा

पुण्यात वकिली करताना मी कितीतरी मृत्युपत्रं लिहून दिली. म्हणून इंग्लंडमधल्या स्टॅफर्डजवळच्या या लहानशा संग्रहालयात मी माशांचे गळ पाहायला गेलो नव्हतो. मासेमारीवरच्या पुस्तकाने नाव झालेला वॉल्टन पेशाने लंडनचा कापड व्यापारी. जन्म स्टॅफर्डचा, 1593 सालचा. हे घर आणि भोवतालची शेतवाडी त्याचीच.

1683 मध्ये, नव्वदीत, त्याने मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. मुलीला आणि मुलाला एकेक धार्मिक पुस्तक, तेही पुस्तकाचं नाव लिहून. जवळच्यांना आठवणीच्या अंगठ्या, त्यांवर कोणती अक्षरं कोरायची तेही सांगून. आणि ही शेतवाडी? मुलाने एक्केचाळिशीच्या आत लग्न केलं तर त्याची, नाहीतर स्टॅफर्ड गावाची. मुलगा अविवाहित राहिला, वाडी गावाकडे गेली. उत्पन्नातून गरीब मुलांना धंद्याचं शिक्षण द्यायचं आणि गरिबांना कोळसा वाटायचा. वाटप जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, कारण गरिबांना तेच दिवस सर्वांत जड जातात असं त्याने लिहून ठेवलंय. इतकं माणुसकीचं कलम माझ्या हातून आजवर उतरलेलं नाही.

लाकडी चौकटीचं घर देखणं आहे. जुनं गवती छप्पर विसाव्या शतकात आगीत गेलं, आता कौलं आहेत. मासेमारीच्या वस्तू भरपूर, शौकिनांना आवडतील. बाग छान. उघडण्याचे दिवस मोजके असतात, आधी बघूनच निघा. पाचपैकी पाच तारे.