तत्त्वज्ञानात पुढे शिकायचंय: थेट पीएचडी की आधी एमए?

अमेरिकेत तत्त्वज्ञानाच्या पीएचडीला बीए झाल्या झाल्या अर्ज करता येतो. एमएची अट बहुतेक ठिकाणी नाही. ब्रिटनमध्ये आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी मात्र आधी मास्टर्स लागतं. त्यामुळे अमेरिकेकडे डोळे लावून बसलेल्यांना दोन वाटा दिसतात: थेट पीएचडीला अर्ज करायचा, नाहीतर टफ्ट्स, नॉर्दर्न इलिनॉय, जॉर्जिया स्टेट यांच्यासारख्या, एमएपर्यंतच शिकवणाऱ्या विभागात दोन वर्षं काढून मग पीएचडीकडे वळायचं.

आधी पैसा, कारण अनेकांचा निर्णय इथेच होतो. अमेरिकेतल्या चांगल्या विभागात पीएचडीला फी माफ असते आणि साधारण पाच वर्षं स्टायपेंड मिळतो. त्या बदल्यात पदवीच्या मुलांचे वर्ग घ्यायचे, पेपर तपासायचे. एमएला असा नेम नाही. काही विभाग फीमाफी आणि असिस्टंटशिप (शिकवण्याच्या कामात मदत करून मिळणारं मानधन) देतात, काही अर्धीमुर्धी सवलत देतात, काही काहीच देत नाहीत. ब्रिटनमधलं एका वर्षाचं मास्टर्स बहुतेकांना स्वखर्चानेच करावं लागतं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण राहण्याखाण्याचा खर्च आपला. माझं मत सरळ आहे: तत्त्वज्ञानाच्या एमएसाठी मोठं कर्ज काढू नये. पीएचडीनंतरही प्राध्यापकीच्या कायम जागा फार थोड्या असतात, आणि कर्जाचे हप्ते त्या जागेची वाट बघत थांबत नाहीत.

प्रवेशाचं गणित उलटं आहे. नावाजलेल्या पीएचडी विभागांत दोनशे-तीनशे अर्जांमागे दहाच्या आसपास जागा असतात. एमएला चुरस कमी.

पण खरा निकाल लागतो तो लेखननमुन्यावर, म्हणजे अर्जासोबत जोडायच्या तुमच्या निबंधावर. एसओपी (काय आणि का शिकायचंय ते सांगणारं निवेदन), गुणपत्रक, तीन शिफारसपत्रं हे सगळं लागतंच (जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी बंद केली), तरी शेवटच्या फेरीत प्रवेश समिती वाचते ती तुमची पंधरा-वीस पानं. 'कांटचं नीतिशास्त्र' अशा विषयावरचा निबंध कितीही नेटका असला तरी तो पाठ्यपुस्तकाचा सारांशच वाटतो. त्याऐवजी, लपलेल्या मित्राचा पत्ता विचारत खुनी दारात उभा असतानाही खोटं बोलू नये हे कांटचं म्हणणं घ्या आणि अमेरिकन तत्त्वज्ञ क्रिस्टीन कोर्सगार्ड यांनी त्यावर काढलेली वाट नेमक्या कोणत्या पायरीवर अडते एवढंच दाखवा. मग तुम्ही विचार कसा करता हे वाचणाऱ्याला दिसतं. समोरच्याची सर्वांत भक्कम हरकत तुम्ही स्वतःच मांडलेली हवी आणि तिला दिलेलं उत्तर हातचं राखून दिलेलं नको. असा निबंध आज हातात असेल तर थेट पीएचडीला अर्ज करा.

नसेल तर एमएची दोन वर्षं त्याच कामासाठी असतात. भौतिकशास्त्र, इंजिनिअरिंग किंवा साहित्य शिकून इकडे वळणाऱ्यांना तर मी एमएच सुचवेन. सेमिनारमधला पेपर चार वेळा लिहून घेणारा प्राध्यापकच पुढे शिफारसपत्र लिहितो, आणि ते पत्र तुमच्या युक्तिवादाबद्दल बोलतं. 'हुशार आणि कष्टाळू विद्यार्थी' एवढंच सांगणारं पत्र, कितीही मोठ्या माणसाचं असलं तरी, फारसं उपयोगी पडत नाही.

एमएचा तोटा वेळेचा. पीएचडीत गेल्यावर आधीचे सगळे कोर्स धरले जातीलच असं नाही, त्यामुळे एकूण आठ वर्षं सहज जातात. उलट थेट पीएचडीत मन रमलं नाही, तर बऱ्याच विभागांतून मधेच एमए घेऊन बाहेर पडता येतं. ज्यांचा संशोधनाचा विषय आत्ताच पक्का आहे त्यांना मास्टर्सनंतर ब्रिटनमधली तीन-चार वर्षांची पीएचडी जवळची पडेल. तिथे अर्जासोबतच संशोधन आराखडा द्यावा लागतो. अमेरिकेत सुरुवातीची दोन-तीन वर्षं कोर्सवर्कची असल्याने विषय नंतर ठरवला तरी चालतो.

विभाग निवडताना 'फिलॉसॉफिकल गुर्मे रिपोर्ट' या तत्त्वज्ञान विभागांची क्रमवारी लावणाऱ्या अहवालातली एकूण क्रमवारी बाजूला ठेवा. त्यातल्या उपविषयांच्या याद्या जास्त कामाच्या, आणि त्याहून कामाचं विभागाच्या वेबसाइटवरचं प्लेसमेंटचं पान, म्हणजे तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे कुठे गेले त्याची यादी. पीएचडी विभागात कायम नोकरी किती जणांना लागली ते बघा, एमए विभागात मुलं पुढे कुठल्या पीएचडीला गेली ते. ज्या विभागाचं असं पानच नाही, त्याला विचारून बघा. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच.

दोन्हीकडे एकाच हंगामात अर्ज करता येतो, कागदपत्रं जवळपास तीच असतात. पीएचडीच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात, काही एमए विभाग त्यानंतरही अर्ज घेतात. अर्जाची फी माफ करून मागायला लाजू नका, अनेक विद्यापीठांत ती सोय असते. स्टायपेंडसह जागा मिळाली तर अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं उत्तरासाठी 15 एप्रिलपर्यंत मुदत देतात. त्याआधी कुणी घाई करत असेल तर ही तारीख नम्रपणे सांगा. प्रतीक्षायादी शेवटच्या दोन-तीन दिवसांतच खऱ्या अर्थाने हलते, त्यामुळे नको असलेली जागा लवकर सोडलीत तर यादीतल्या दुसऱ्या कुणाला तरी ती वेळेत मिळते.