दोन टेकड्यांची एक झाली: रोअर्गवरचे सहा महिने

कन्सेप्ट टू या अमेरिकी कंपनीचे रोअर्ग हे घरात बसून वल्हवण्याचे यंत्र फोंड्याच्या आमच्या घरी येऊन सहा महिने झाले. सुमारे आठ फूट लांबीचे हे धूड दिवाणखान्यात मावेल का, ही घरच्यांची शंका रास्त होती. मात्र ते दोन भागांत सुटे होऊन भिंतीशी उभे राहते. सरकत्या बैठकीवर बसून साखळीला जोडलेली मूठ ओढली की पुढचा पंखा फिरतो आणि हवेचा अडथळाच पाण्याचे काम करतो.

यापूर्वी मी म्हापशाच्या एका व्यायामशाळेत असेच यंत्र वापरत असे. तिथे प्रत्येकाला पंख्याच्या बाजूची डॅम्परची खिटी सर्वांत वरच्या, म्हणजे १० या आकड्यावर ठेवायला सांगत आणि मी वर्षभर पाठ दुखवून घेतली. वास्तविक ही खिटी पंख्यात किती हवा शिरावी एवढेच ठरवते. ती १० वर नेली की माल भरलेल्या होडीसारखे जड वाटते, पण जोर किती लावायचा हे शेवटी आपल्याच हाती, खरे तर पायांत, असते. आता माझी खिटी ४ वर असते.

यंत्राचा खरा गुण त्याच्या मॉनिटरमध्ये आहे. प्रत्येक स्ट्रोकला, म्हणजे एकदा ओढून परतण्याला, जोर कसा चढला आणि उतरला, याची वक्ररेषा तो लगेच काढून दाखवतो. ती एका गुळगुळीत टेकडीसारखी दिसायला हवी. माझ्या रेषेला मात्र दोन टेकड्या आणि मध्ये खड्डा होता. पाय रेटताच बैठक मागे पळत होती, मूठ जागेवरच राहत होती आणि उरलेले काम पाठ एका हिसक्यात करत होती. मांडवीतल्या होड्या पाहत वाढलेल्यांना वल्हवणे म्हणजे हात आणि पाठ असेच वाटते, कारण होडीतली फळी हलत नाही. इथे बैठकच सरकत असल्याने सुरुवात पायांनी करावी लागते. ओढताना पाय, मग कंबर, मग हात, आणि परतताना नेमके उलट, तेही मूठ गुडघ्यांपुढे गेल्याशिवाय गुडघे न वाकवता, हा क्रम मिनिटाला १८ ते २० स्ट्रोकच्या संथ गतीने रोज गिरवला. त्यातले पहिले दहा स्ट्रोक हात सरळ ठेवून केवळ पायांचे. तीन आठवड्यांत खड्डा बुजला आणि मिनिटाला तेवढ्याच स्ट्रोकमध्ये ५०० मीटरची वेळ २:३० वरून २:२० वर आली. दहा सेकंद किरकोळ वाटतात, पण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने हा फरक १०४ वॉटवरून सुमारे १२७ वॉटवर जाण्याइतका आहे.

आपल्या दमट, खाऱ्या हवेत साखळीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. वापराच्या दर ५० तासांनी तेल द्यावे असे सांगितले जाते. पावसाळ्यात मी त्याआधीच देते आणि बैठकीखालची पट्टी रोज पुसते, कारण तिच्यावर काळा मळ साचतो. हवेवर चालणारे कोणतेही यंत्र घोंघावतेच, म्हणून घरच्यांच्या सातच्या बातम्या संपेपर्यंत मी बैठकीवर बसत नाही.