ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम: संथ लयीचे वजन

हेवी मेटल म्हणजे भरधाव गिटार आणि कानठळ्या बसवणारे ड्रम, अशी समजूत असलेल्या श्रोत्याने बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम चांगल्या हेडफोनवर सलग ऐकावा. १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झालेल्या या अल्बमपासून अनेक जाणकार हेवी मेटलची सुरुवात मानतात. पण आजच्या मानाने तो ना फार वेगवान आहे, ना कर्कश. त्याचे सारे वजन संथ लयीत आणि स्वरांमध्ये मोकळ्या सोडलेल्या जागेत आहे.

शीर्षकगीतात आधी पाऊस, दूरची घंटा आणि गडगडाट ऐकू येतो आणि मग टोनी आयोमीची गिटार तीनच स्वर वाजवते: खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. तानपुऱ्यावर षड्ज-पंचम ऐकत वाढलेला कान तिथे नकळत पंचमाची वाट पाहतो. तो येत नाही, तीव्र मध्यमच थरथरत राहतो आणि ती अस्वस्थता काही केल्या फिटत नाही. ऑझी ऑस्बॉर्न गाऊ लागतो तेव्हा गिटार जवळजवळ गप्प होते. तोही ओरडत नाही, समोर काहीतरी उभे राहिलेले पाहून घाबरलेल्या माणसासारखा गातो. शेवटी लय एकदम वाढते आणि तोवर राखलेल्या संयमामुळेच ती अंगावर येते.

या संगीतामागचा कारखाना मराठवाड्यातल्या श्रोत्याला परका वाटू नये. आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातील मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. वाळूज-चिकलठाण्याच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, त्यांवर चामडे चिकटवले आणि हलक्या तारा लावून वादन नव्याने बसवले. त्या तारांवर त्याने इतका जड आवाज उभा केला, याचे मला अजूनही अपार कौतुक वाटते.

ऑक्टोबर १९६९ मध्ये निर्माता रॉजर बेन याच्यासोबत लंडनच्या स्टुडिओत जवळजवळ सगळे ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकले गेले. त्यामुळे घोटून गुळगुळीत केलेला आवाज इथे नाही. चौघे एका खोलीत एकमेकांचे ऐकत वाजवत आहेत, हे जाणवत राहते. ‘एन. आय. बी.’च्या आरंभी गीझर बटलरचे बास गिटार एकट्याने बोलते आणि मग गिटार तीच वाट धरते, तो क्षण मला संपूर्ण अल्बममधील सर्वांत समाधान देणारा वाटतो. ‘द विझर्ड’मधील ऑझीचा माउथ ऑर्गन या मंडळींची ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारामधली मुळे उघड करतो.

तबकडीची दुसरी बाजू मात्र पहिलीच्या तोडीची नाही. ‘वॉर्निंग’ हे दुसऱ्या बँडचे गाणे दहा मिनिटांहून अधिक चालते आणि त्यातील गिटारवादन मध्येच भरकटते. तिथे संयम सुटला आहे. क्रो या अमेरिकी बँडकडून घेतलेले ‘इव्हिल वुमन’ ऐकायला सोपे आहे, पण या अल्बमच्या अंधारात ते उपरे वाटते.

तत्कालीन समीक्षकांपैकी अनेकांनी नाके मुरडली, तरी अल्बम ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचला, आणि श्रोत्यांचा तो कौल मला योग्य वाटतो. अमेरिकेतील मूळ आवृत्तीत ‘इव्हिल वुमन’च्या जागी ‘विकेड वर्ल्ड’ होते आणि माझ्या मते तीच निवड सरस होती; ड्रमवादक बिल वॉर्डच्या हातातील जॅझचा झोका तिथे पहिल्या ठोक्यापासून ऐकू येतो, म्हणून मिळाल्यास तीच आवृत्ती घ्यावी.