सायनससाठी हर्बल चहा: आठ महिन्यांनंतर

खाली वाकलं की कपाळ ठणकायचं, गालांच्या हाडांवर कुणी दगड ठेवलाय असं वाटायचं आणि रात्री एक तरी नाकपुडी हमखास बंद. नाक मोकळं करणारा स्प्रे सलग बरेच दिवस मारला की नाक उलट जास्तच चोंदतं, हा धडाही घेऊन झाला होता. म्हणून हर्बल चहाकडे वळले. आलं, पुदिना, कॅमोमाइल, ज्येष्ठमध, आलटूनपालटून, दिवसाला दोन-तीन कप.

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात झाली. उत्साहाच्या भरात नेहमीचा चहा एकदम बंद केला आणि दुसऱ्या दिवशी डोकं असं धरलं की सायनस बिघडला असंच वाटलं. ते कॅफिन तुटल्याचं दुखणं होतं. ते साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतं आणि २ ते ९ दिवस राहू शकतं. माझं पाचव्या दिवशी थांबलं. त्याचं श्रेय मी पुढे कितीतरी दिवस आल्याला देत होते!

नाकाचं म्हणाल तर कप हातात घेऊन दोन-चार घोट घेतले की मोकळं वाटतं. ‘वाटतं’ हे मुद्दाम म्हणतेय. पुदिन्यातलं मेंथॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसांना चाळवतं, त्यामुळे हवा भरपूर आत जातेय असा भास होतो. आतली सूज जिथल्या तिथे असते. कार्डिफ विद्यापीठाचा २००८ मधला एक प्रयोग वाचला आणि मग माझं कोडं सुटलं. सर्दी-तापाच्या ३० जणांना गरम पेय दिलं. वाहतं नाक, खोकला, शिंका, घशाची खवखव, सगळ्यात त्यांना आराम वाटला. पण नाकातून जाणारी हवा मोजली तर फरक नव्हता. माझाही अनुभव हाच. अर्धा-पाऊण तास बरं, मग पुन्हा तेच. पण झोपायच्या आधी तो अर्धा तास मिळाला तर डोळा लागतो, आणि मला तेवढंच हवं असतं.

पुदिन्याने मला जळजळ व्हायला लागली. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू तो सैल करतो, त्यामुळे ॲसिडिटीवाल्यांनी जपून. कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं, म्हणजे परागकणांची ॲलर्जी असेल तर नाक आणखी वाहायचं. मला तसा त्रास झाला नाही, पण चव वाळक्या गवतासारखी लागली. ज्येष्ठमध मात्र घशाला इतका छान की तीन आठवडे रोज घेतला. मग सहज रक्तदाब मोजला तर वरचा आकडा १४४, नेहमी १२०च्या आसपास असणारा. डॉक्टरांनी आधी तो बंद करायला लावला. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम कमी होतं. बंद केल्यावर आकडा हळूहळू खाली आला.

डोकेदुखीची गोष्ट वेगळीच निघाली. चहाचा उपयोग किती होतो ते बघायला मी वही ठेवली होती: किती वाजता दुखलं, कुठे, कोणता चहा घेतला. तीन महिन्यांत २१ नोंदी झाल्या. त्यातल्या १४ वेळा दुखणं एकाच बाजूला होतं, उजेड नकोसा झाला होता, मळमळत होतं आणि चहाचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. डॉक्टरांनी वही चाळली आणि म्हणाले, ही अर्धशिशी. अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून फसायला होतं. २००४ मधल्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ म्हणवणारे २,९९१ जण तपासले, तर ८८ टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीची निघाली. इतकी वर्षं मी भलत्याच दुखण्यावर वाफ घेत बसले होते.

आता अर्धशिशीला वेगळी गोळी आहे. सकाळचा नेहमीचा चहा परत आला. रात्री आल्याचा एक कप, तोही जरा निवल्यावर, कारण ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभाव्य धोका मानली जातात. डोळ्याभोवती सूज किंवा जोराचा ताप आला तर मात्र कप बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जाईन. ज्येष्ठमधाचा डबा अजून अर्धा भरलेला आहे. कुणी मागितला तर आधी बीपी विचारते.